दापोडीची बाग

पुण्याहून मुंबईच्या जुन्या रस्त्यास लागलेली मोटार बोपोडी मागें टाकून हॅरिस पुलावर येते, तेव्हां आंतील प्रवाशाचें लक्ष बहुधा पुढच्या गाडीकडे असतें. खालीं मुळा नदी, शेजारीं मेट्रोचा उन्नत मार्ग, पलीकडे एस. टी. ची मध्यवर्ती कार्यशाळा, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि घरांची दाटी. एखाद्या वृद्ध गृहस्थास गाडीच्या कांचेंतून तेथें आपल्या लहानपणींचीं शेतें दिसत असतील. परंतु या गांवाची एक आठवण त्याहूनहि जुनी आहे, आणि तिचा बराचसा ठेवा आज दापोडींत नसून स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं येथें कॅप्टन फोर्ड याचा तळ होता. कवाइती पलटण पेशव्यांच्या पगाराची, अधिकारी मात्र इंग्रज, असा तो चमत्कारिक कारभार. दरबारांतील मोरो दीक्षित यांची व फोर्डची चांगली मैत्री जमली होती. लढाई अटळ दिसूं लागली तेव्हां दीक्षितांनीं मित्रास तटस्थ राहण्याविषयीं सांगून पाहिलें. त्यानें तें मानलें नाहीं. मग जो वांचेल त्यानें दुसऱ्याच्या कुटुंबाचा सांभाळ करावा असें उभयतांनीं ठरविलें, अशी गोष्ट सांगतात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं फोर्डची पलटण मुळा उतरून खडकीस इंग्रजांना मिळाली. जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित त्या दिवशीं तोफेच्या माऱ्यांत पडले. ती तोफ दापोडीच्या पलटणीची होती, असें ग्रँट डफ नमूद करतो.

फोर्डनें येथें ऐसपैस बंगला बांधला होता. पुढें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें तो सरकारसाठीं घेतला आणि १८२८ सालीं तेथें वनस्पतींची बाग सुरू केली. पावसाळ्यांत गव्हर्नराचा मुक्काम दापोडीस पडूं लागला. बागेस शोभा होतीच. पण परदेशचीं उपयुक्त झाडें या मातींत तग धरतात कीं नाहीं हें पाहावयाचें, हें तिचें खरें काम. १८३८ पासून ती डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्या हातीं आली. पूर्वीं देवी टोंचण्याच्या कामावर मुलूखभर हिंडलेला हा गृहस्थ रानांत आणि खेड्यांत सारखाच रमणारा होता. सरकारी औषधभांडारास लागणाऱ्या वनस्पती त्यानें बागेंत पिकवून पुरविल्या. जंगल तुटलें कीं ओढे आटतात, हें त्यानें सरकारास लिहून कळविलें होतें. १८४७ सालीं मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. (माल्कम, ग्रँट डफ आणि गिब्सन हे तिघेहि स्कॉटिश, हा योग मोठा मौजेचा.)

१८५८ सालीं खंडाळा ते पुणें आगगाडी सुरू झाली, तेव्हां ही बाग नांदती होती. १८६० सालीं गिब्सन निवृत्त होऊन मायदेशीं गेला. मग सर बार्टल फ्रिअरच्या कारकीर्दींत गणेशखिंडींत गव्हर्नरासाठीं नवा प्रासाद उभा राहूं लागला, आणि दापोडीचें दिवस फिरले. बंगल्याचें महत्त्व गेलें, बागहि मोडली. गणेशखिंडीच्या त्या प्रासादांत १९४९ सालीं पुणें विद्यापीठ आलें, त्यामुळें तो सर्वांस ठाऊक आहे. दापोडीचें नांव मात्र पुढें कारखाने आणि कार्यशाळा यांच्याशींच जोडलें गेलें.

बाग मोडली तरी तिचीं चित्रें राहिलीं. १८४७ ते १८५० च्या सुमारास गिब्सननें एका चित्रकाराकडून येथल्या वनस्पतींचीं दीडशेहून अधिक चित्रें काढवून घेतलीं. हीं चित्रें आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानांत जपून ठेविलेलीं आहेत. तो चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता, याहून अधिक कांहीं कळत नाहीं. गव्हर्नर कोण आले, कोण गेले, बागेवर कोणकोण अधिकारी होते, तें सर्व दप्तरीं आहे. ज्यानें एकेका पानाच्या शिरा डोळ्यांत तेल घालून उतरविल्या, त्याचें नांव तेवढें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. ही उणीव मनास टोंचल्यावांचून राहत नाहीं. हेन्री नॉल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञानें २००२ सालीं त्या चित्रांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. मुळेच्या कांठचीं तीं फुलें पाहावयाचीं असलीं, तर आतां तें पुस्तक उघडावें लागतें.