चिमूटभर गंज

आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती वाचकांस सांगायला नकोच. इथल्या जुन्या गाड्यांची गोष्ट मात्र सहसा कोणी काढीत नाही.

1941 साली पेट्रोलचे रेशनिंग आले, तेव्हा देशातल्या कित्येक मोटारींना कोळशाची भट्टी लागली. इंजिन कोळशाच्या वायूवर चाले! पुढे 1949 साली मुंबईत माझगावला विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या.

तशाच एका म्हाताऱ्या पिकपमधून मागल्या वैशाखात शेजारच्या आजोबांना आम्ही एटापल्लीहून अहेरीच्या दवाखान्यात नेत होतो. गाडी त्यांचीच, अंगात ताप सणसणून. ऐन रानात ती आचके देऊन थांबली. उन्हाने नळीत पेट्रोलची वाफ झाली असेल, म्हणून पंपावर ओले फडके घातले. व्यर्थ! शेवटी कार्बोरेटर उघडला. फ्लोटच्या वाटीत तांबूस गाळ, अन् जेटचे छिद्र बुजलेले. टाकीतला गंज! हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी शोषून घेते. जुन्या टाकीला ते बाधते. मी तार शोधू लागलो.

“गुरुजी, तार नको!” मागून आजोबा क्षीण स्वरात म्हणाले, “भोक मोठं होईल. फुंका.”

फुंकले. तोंड कडूजहर झाले. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडले, आणि आजोबांनी डोळे मिटूनच विचारले, “चोक आत ढकललात ना?”