इंडी

गाण्यांच्या ॲपवर ‘इंडी पॉप’ हा शब्द हल्ली रोज भेटतो. ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’चं लघुरूप. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पेंदेरे’, म्हणजे लटकणं. आपल्या ‘अवलंबून’मधला ‘लंब्’ धातूही लटकण्याचाच!

ब्रिटनमध्ये हा शब्द आधी निव्वळ व्यवहाराचा होता. १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने उसने पैसे घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड स्वतःच काढली, मोठ्या कंपनीच्या दारात न जाता. १९८० पासून अशा रेकॉर्डांची वेगळी विक्रीयादीही निघू लागली. मग १९८६ मध्ये ‘एनएमई’ या साप्ताहिकाने ‘सी ८६’ ही २२ बँडांची कॅसेट काढली आणि शब्दाने कूस बदलली. किणकिणती गिटार, लाजरा गळा: ‘इंडी’ आता एक शैली झाली. तिच्या शेजारी निरागस, गोडसर ट्वी पॉप आलं आणि पायाशी ठेवलेल्या पेडलांकडे बघत वाजवणाऱ्यांचं शूगेझही. नव्वदच्या दशकात ब्लर हा बँड ईएमआय या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली असूनही इंडीच म्हणवला गेला. मला मात्र बझकॉक्सचा जुना अर्थच अधिक मोलाचा वाटतो.

आपल्याकडे आज ‘इंडी’ म्हणजे बहुधा चित्रपटाबाहेरचं गाणं, मग ते मोठ्या कंपनीने का काढलेलं असेना.