सहाव्या वर्षाची सीमा : ‘माँटेसरी’ शब्दाचा मराठी अर्थसंकोच

बेंगळूरुच्या बनशंकरीसारख्या वसाहतीत ‘माँटेसरी’ हा शब्द प्रायः अडीच ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेपुरता वापरला जातो. मराठीतही त्याचा रूढ अर्थ तेवढाच आहे. सहावे वर्ष सरले की मूल ‘खऱ्या’ शाळेत जाते आणि या जाण्याला कोणी गळती म्हणत नाही. मूळ विचारात ही सीमा नव्हती. मारिया माँटेसरी यांचा १९१६चा इटालियन ग्रंथ प्राथमिक शाळेविषयीच होता. १९४२ ते १९४४ या काळात कोडाईकनाल येथील वास्तव्यात त्यांनी सहा ते बारा या वयोगटाच्या शिक्षणाला अधिक व्यापक रूप दिले. तेव्हा वरच्या वर्गांसाठी विचार उपलब्ध नव्हता, हे कारण टिकत नाही.

मराठीत हा विचार प्रामुख्याने गुजरातीच्या वाटेने आला. गिजुभाई बधेका यांनी १९२०मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. १९२३मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालमंदिर, शिशुविहार, बालवाडी हे शब्द सुंदर आहेत. परंतु प्रत्येकाने लहान मूलच गृहीत धरले. पद्धतीचे नाव देशी झाले, त्याबरोबर तिचे वयही ठरून गेले. अर्थात दोष केवळ शब्दांचा नव्हे. मध्यमवर्गीय पालकाला मुलाचे स्वातंत्र्य परीक्षेची सावली पडेपर्यंतच परवडत होते. त्याने माँटेसरीचा स्वीकार केला तो पूर्वतयारी म्हणून, पर्याय म्हणून नव्हे.

या पार्श्वभूमीवर बोर्डी व कोसबाडचा इतिहास वेगळा ठरतो. १९४५मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मला. १९५७मध्ये काम डहाणू तालुक्यातील कोसबाडला, वारली पाड्यांमध्ये गेले. तेथे मूल शाळा सोडत होते ते अधिक ‘खऱ्या’ शाळेसाठी नव्हे. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. मुलगा गुरांमागे असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. भावंड पाळणाघरात विसावले म्हणजे मोठी बहीण शेजारच्या वर्गात बसू शके. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक चराऊ रानात गेला. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनाचे महत्त्व येथे आहे : शिक्षणपद्धतीचे सातत्य हा तात्त्विक प्रश्न राहत नाही, तो घरातील कामाच्या वाटणीचा प्रश्न होतो. मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासात या ग्रंथाकडे बहुधा समाजसेविकेचे कथन म्हणूनच पाहिले जाते, हे खेदजनक आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला; बनशंकरीच्या कन्नड भाषकालाही तो आज परका नाही. योजनेतील मुलांची वयोमर्यादा मात्र सहा वर्षांचीच राहिली. ‘विकासवाडी’ हा शब्द त्या योजनेत आला नाही.