न झालेल्या प्रवासाचे पैसे : पनवेलची परदेशवाट आणि परताव्याचा हक्क

परदेशी जाण्यासाठी प्रवाशाने आगाऊ भरलेला पैसा दोन प्रकारचा असतो, आणि प्रवास रद्द झाल्यावर त्याचे काय होणार हे तो कोणत्या प्रकारात मोडतो यावर ठरते. पहिला प्रकार फीचा, म्हणजे परवानगीच्या अर्जाची छाननी करण्याबद्दल शासन घेत असलेल्या मोबदल्याचा. दुसरा अनामतीचा, म्हणजे ठरलेली अट पूर्ण होईपर्यंत केवळ सांभाळण्यासाठी ठेवलेल्या आणि मालकी प्रवाशाकडेच राहिलेल्या रकमेचा. आज पनवेलमधील एखाद्या कुटुंबाने व्हिसासाठी, म्हणजे परक्या देशाच्या हद्दीत शिरण्याच्या पूर्वपरवानगीसाठी, केलेला अर्ज मागे घेतला तर भरलेल्या रकमेपैकी बहुधा काहीच परत येत नाही, आणि हा नियम पहिल्यापासूनचाच असावा असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. वस्तुतः परदेशप्रवासाच्या पैशाचा मोठा भाग एके काळी अनामत म्हणून घेतला जात असे, तो परत करण्याचे बंधन कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते, आणि प्रवासी वाटेत मरण पावला तरी ते बंधन संपत नव्हते.

या बदलाचा माग पनवेलच्या बाजूने काढणे सोयीचे ठरते, कारण हे गाव देश आणि समुद्र यांच्यामधल्या वाटेवर वसलेले आहे. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला, तेव्हापासून १८६३ मध्ये रेल्वे घाट चढून जाईपर्यंत, मुंबई आणि पुणे यांमधील वाहतुकीचा एक मुख्य टप्पा पनवेल बंदर हाच होता. भरती पाहून खाडीत शिरणारी गलबते येथे माणसे व माल उतरवीत आणि पुढची वाट चौक, खोपोली, खंडाळा अशी जात असे. देशावरून मुंबईला आणि तेथून समुद्रापार जाणाऱ्यांनाही ही वाट जवळची होती. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, यावरून गावाचे तत्कालीन महत्त्व लक्षात येते. या काळात प्रवाशाला फीचा परिचय होता तो मुख्यतः वाटेवरच्या टोलनाक्यापुरता, आणि त्याआधीच्या मराठी अमलात राहदारीच्या रूपाने, म्हणजे वाटेवर कोणी अडवू नये म्हणून दिलेल्या परवान्याच्या व त्यासोबतच्या कराच्या रूपाने. हे पैसे वाट वापरताना दिले जात, त्यामुळे न केलेल्या प्रवासाचे पैसे मागण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नव्हता. तो उद्भवला आगाऊ पैसे घेणाऱ्या आगबोटींमुळे, आणि त्याला कायद्याचे रूप आले हजच्या यात्रेमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई हे हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांचे प्रमुख बंदर होते, आणि कोकणातील व दख्खनमधील मुस्लिम यात्रेकरू तेथूनच जेद्दाची आगबोट पकडत. अनेकजण जाण्यापुरतेच पैसे जमवून निघत. परतीचे भाडे संपले की जेद्दाच्या बंदरात अडकून पडत, आणि तेथील ब्रिटिश वकिलातीला त्यांच्या हालअपेष्टांबद्दल वारंवार मुंबईला कळवावे लागे. १८६५ च्या हजमध्ये पटकीने घेतलेल्या बळींमुळे युरोपातील सरकारेही या प्रवासाकडे धास्तीने पाहू लागली होती. तरीही परतीचे तिकीट सक्तीचे करण्यास हिंदुस्थान सरकार कित्येक दशके धजावले नाही, कारण १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्माचरणात हस्तक्षेप न करण्याचे वचन दिलेले होते आणि गरीब यात्रेकरूला पैशाअभावी अडवणे हा असाच हस्तक्षेप ठरेल अशी भीती होती. मधला मार्ग म्हणून १८८६ मध्ये टॉमस कुक या कंपनीला यात्रेची व्यवस्था सोपवण्यात आली, जेणेकरून तिकिटांचा व्यवहार दलालांच्या हातून निघून ठरावीक दराने व पावतीने व्हावा. परंतु हा प्रयोग काही वर्षांतच आटोपला.

निर्णायक पाऊल पडले ते व्यापारी नौकानयन कायद्यात १९२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने. यापुढे हजच्या यात्रेकरूने एकतर परतीचे तिकीट घ्यावे, नाहीतर परतीच्या भाड्याइतकी रक्कम सरकारकडे अनामत ठेवावी, असे ठरले. ही सक्ती होती आणि गरिबाला ती जाचकच होती, हे नाकारता येत नाही. पण तिच्या सोबतीने परताव्याची जी कलमे आली ती बारकाईने पाहण्याजोगी आहेत. ज्याला आरोग्यतपासणीत बोटीवर चढू दिले नाही, त्याला भाडे व अनामत परत मागण्याचा हक्क होता. जो हेजाझमध्ये, म्हणजे मक्का व मदिना ज्या प्रांतात आहेत तेथे, किंवा जाताना समुद्रावर मरण पावला, त्याने लेखी नेमलेल्या व्यक्तीला संपूर्ण अनामत मिळे, आणि परतीचे तिकीट घेतलेले असल्यास भरलेल्या भाड्याचा निम्मा हिस्सा मिळे. जो ठरावीक मुदतीत परतलाच नाही किंवा दुसऱ्या मार्गाने परतला, त्यालाही हीच वाट मोकळी होती. हीच योजना पुढे स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौकानयन कायद्यात जवळपास तशीच उतरली.

या कलमांमागचा विचार साधा आणि न्याय्य होता. अनामत घेण्याचा हेतू यात्रेकरूला घरी आणणे हा होता. तो हेतू उरला नाही, मग कारण मृत्यूचे असो, आजाराचे असो वा मन बदलल्याचे, तर पैसा धरून ठेवण्याला आधार उरत नव्हता. नामनिर्देशनाची, म्हणजे आपल्या पश्चात रक्कम कोणाला द्यावी हे आधीच लिहून ठेवण्याची, तरतूद तर विशेष मोलाची होती. पनवेल, तळोजा यांसारख्या गावातून निघालेल्या माणसाच्या घरी त्या रकमेवर हक्क सांगण्यासाठी वारसाचा दाखला मिळवायला न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, एवढा विचार त्या काळच्या कायद्यात झालेला दिसतो. परकी राजवट असूनही येथे राज्यसंस्था स्वतःला प्रवाशाच्या पैशाची विश्वस्त समजत होती, ही बाब इतिहासकारांनी जेवढी लक्षात घ्यायला हवी तेवढी घेतलेली नाही. १९३२ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता व कराची या बंदरांसाठी हज समित्या नेमल्या गेल्या आणि यात्रेकरूची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी एक ठरलेले दार तयार झाले.

पनवेलच्याच दुसऱ्या एका समाजाच्या वाट्याला याच प्रश्नाची उलटी बाजू आली. कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे मराठी भाषक यहुदी, या परिसरात पिढ्यान् पिढ्या राहत आले होते आणि १८४९ मध्ये त्यांनी पनवेलला बेथ एल हे प्रार्थनास्थळ उभारले. १९४८ नंतर या समाजातील अनेकजण इस्राएलला जाऊ लागले, तेव्हा त्यांचा प्रवास ज्यूइश एजन्सी ही स्थलांतर घडवून आणणारी संस्था करून देत असे. प्रवाशाने स्वतः काही अनामत ठेवलेली नसल्यामुळे परतण्याची तरतूदही नव्हती. तेथील वागणूक व रोजगार पाहून काहींनी मायदेशी परत पाठवण्याची मागणी केली, त्यासाठी तेल अवीवमध्ये धरणे धरले, आणि अखेर १९५२ मध्ये सुमारे दीडशे लोकांना एजन्सीने परत आणून सोडले; त्यांतील बरेच पुढे पुन्हा इस्राएललाच गेले. परतीचा खर्च कोणाचा हे आधी लिहून ठेवलेले नसले की तो हक्क म्हणून मिळत नाही, झगडून मिळवावा लागतो, हे या घटनेइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

पासपोर्टची कथा येथे थोडक्यात सांगणे पुरे. पहिल्या महायुद्धात सुरक्षेसाठी आलेले हे बंधन १९२० च्या कायद्याने कायम झाले, आणि पासपोर्ट देणे ही शासनाची मर्जी नसून परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात १९६७ मध्ये ठरवले. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. आपल्या देशातून बाहेर पडणे अशा रीतीने हक्क बनले, परंतु परक्या देशात शिरणे मात्र त्या देशाच्या मर्जीवरच राहिले, आणि व्हिसाच्या फीचे सारे वेगळेपण या फरकातून निघते.

१९७३ नंतर तेलाच्या वाढलेल्या किमतींनी आखाती देशांत कामगारांची मागणी निर्माण केली आणि रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, तरुण मोठ्या संख्येने तिकडे गेले. या प्रवाहासाठी झालेल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने अनामतीची कल्पना टिकवली, पण तिचा भार हलवला. आता ती प्रवाशाने नव्हे तर भरती करणाऱ्या एजंटाने नोंदणीच्या वेळी ठेवायची होती आणि फसवणूक झालेल्या कामगाराला परत आणण्याचा खर्च तिच्यातून भागवता येणार होता. कामगाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कालाही नियमांनी मर्यादा घातली. ती सध्या ३०,००० रुपये व त्यावरील कर इतकी आहे. कागदावर ही व्यवस्था १९२५ च्या व्यवस्थेपेक्षा न्याय्य आहे, कारण जोखीम कमावणाऱ्यावर टाकलेली आहे. मात्र पावतीशिवाय, नोंदणी नसलेल्या मध्यस्थाला रोख दिलेली रक्कम या कवचाच्या बाहेर राहते, आणि न निघालेल्या व्हिसापायी बुडालेल्या पैशांची बहुतेक दुःखे तिथलीच आहेत.

पर्यटक, विद्यार्थी आणि परदेशातील मुलांना भेटायला जाणारे आईवडील यांच्या बाबतीत तर अनामत जवळजवळ नाहीशीच झाली आणि सर्व पैसा फीच्या खात्यात गेला. शेन्जेन, म्हणजे आपापसांतील सीमातपासणी उठवलेल्या युरोपीय देशांचा गट, यांच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार फी परत मिळते ती केवळ दोन प्रसंगी: अर्ज त्या वकिलातीच्या अधिकारात येत नसेल तेव्हा, किंवा तो छाननीसाठी स्वीकारण्याजोगाच नसेल तेव्हा. ही फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची १८५ डॉलर फी अर्ज मागे घेतला तरी परत होत नाही. ब्रिटनचा नियम याहून सौम्य आहे, कारण तेथे अर्जावर प्रक्रिया सुरू होण्यापूर्वी तो मागे घेतल्यास फी परत मिळते, आणि दीर्घ मुदतीच्या अर्जासोबत २०१५ पासून घेतला जाणारा आरोग्य अधिभार तर अर्ज फेटाळला वा मागे घेतला तरी परत केला जातो. त्यातच २००१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या व्हीएफएस ग्लोबलसारख्या कंपन्या वकिलातींच्या वतीने अर्ज स्वीकारू लागल्यापासून मूळ फीवर सेवाशुल्काचा आणखी एक थर चढला.

या नियमांत ब्रिटनचाच नियम तत्त्वाला धरून आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ मध्ये कर आणि फी यांत भेद करताना फी ही विशिष्ट सेवेच्या बदल्यात घेतली जाते असे म्हटले होते. तो भेद परक्या देशांना लागू नसला तरी त्यातील तर्क सर्वत्र सारखाच आहे: छाननी झाली तर मोबदला देय आहे, ती सुरूच झाली नाही तर नाही. १८७२ चा करार कायदाही करार निष्फळ ठरल्यास मिळालेला लाभ परत करायला सांगतो. परंतु तो प्रवासी कंपन्यांना बांधतो, सार्वभौम राष्ट्रांना नव्हे. म्हणून एकाच रद्द झालेल्या सहलीत पनवेलच्या ग्राहकाला सेवेतील त्रुटीबद्दल एजंटाविरुद्ध अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि वकिलातीच्या फीसाठी मात्र कोठेच जाता येत नाही.

संपूर्ण परतावा व्यवहारात अशक्य नाही, हे २०२० साली दिसून आले. साथीमुळे त्या वर्षी भारतातून हज यात्रा होणार नाही असे जूनमध्ये जाहीर झाले, तेव्हा २ लाख १३ हजार अर्जदारांनी भरलेली रक्कम कोणतीही कपात न करता थेट त्यांच्या बँक खात्यांत परत पाठवण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या विमानतिकिटांचे पूर्ण पैसे परत करण्याचा आदेश दिला. व्हिसाच्या फीबाबत असा कोणताही सर्वसमावेशक निर्णय झाला नाही.

दरम्यान अनामतीची कल्पना नव्या रूपात परतली आहे. ब्रिटनने २०१३ मध्ये भारतासह काही देशांच्या निवडक प्रवाशांकडून ३,००० पौंडांचा बंध, म्हणजे वेळेत परतल्यास मिळणारी ठेव, घेण्याचे ठरवले होते. टीकेनंतर त्याच वर्षी तो बेत सोडून दिला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने पर्यटक, विद्यार्थी अशा तात्पुरत्या प्रवाशांच्या व्हिसावर २५० डॉलरची नवी आकारणी ठरवली आणि अटी पाळून मुदतीत परतणाऱ्याला ती परत मिळू शकेल अशी तरतूद केली. ती व्हिसा मंजूर झाल्यावर घ्यायची असल्याने अर्ज मागे घेणाऱ्याला तिची झळ लागत नाही. १९२५ च्या अनामतीशी या रकमेचे बाह्य साम्य मोठे असले तरी हेतू वेगळा आहे. ती अनामत प्रवाशाला घरी आणण्यासाठी होती आणि तो परत आला नाही तरी त्याची किंवा त्याच्या वारसाची राही. ही यजमान देशाच्या खात्रीसाठी आहे, परत न आल्यास जप्त होते, आणि आपण वेळेत परतलो हे सिद्ध करण्याचा भार प्रवाशावर आहे. पनवेलच्या हद्दीला लागून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटनही त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला झाले, आणि जुन्या बंदराच्या परिसरातील लोकांना परदेशी जाण्यासाठी मुंबईपर्यंत जाण्याची गरज आता कमी होत जाणार असली, तरी भरलेल्या पैशांपैकी फी कोणती आणि अनामत कोणती, हे पावतीवर वेगवेगळे लिहून देण्याची सक्ती करणारा नियम अजून झालेला नाही.