साडेबारा टक्क्यांमागचा वकील

न्हावा शेवा बंदराजवळच्या जासई गावात १९२६ साली दि. बा. पाटील जन्मले. पेशाने वकील. पनवेलचे आमदार, मग १९७७ साली कुलाब्यातून शेकापचे खासदार.

सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा भांडण भावाचं होतं. दिबांनी पुढचं विचारलं: पैसे संपतात, जमिनीची किंमत वाढत राहते, त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा किती? जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक गेले. त्याच वर्षअखेर, काँग्रेसच्या लाटेतही, दिबा पुन्हा लोकसभेत निवडून आले.

साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना या लढ्याची कमाई. मला त्यात वकिलाचं डोकं दिसतं: भरपाई मागणाऱ्या शेतकऱ्याला त्यांनी हिस्सेदार केलं.