नडगीवरची जखम आणि आतड्याचं दुखणं

नडगीवर एक पुटकुळी येते. चार दिवसांत ती फुटून जखम होते, कडा जांभळट पडून आतून पोखरल्या जातात आणि दुखणं असं की चादरही लागू देववत नाही. 1930 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या ब्रन्स्टिंग, गेकरमन आणि ओ'लिअरी यांनी अशा पाच रुग्णांची हकिकत छापली. चौघांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला व्रण पडण्याचा आजार, होता. पाचव्याच्या छातीत पू साठलेला. त्याआधी फ्रान्सच्या लुई ब्रोक यांनीही अशा जखमा टिपल्या होत्या, पण जखमेची आतड्याशी सांगड घातली ती या तिघांनी. मूळ कारण मात्र त्यांनी जंतुसंसर्ग धरलं आणि 'पायोडर्मा गँग्रिनोजम' हे नाव ठेवलं.

या नावानं रुग्णांचे फार हाल केले. संसर्ग म्हटला की सर्जन सडका भाग खरवडून काढणार. इथे तर शरीराच्याच पांढऱ्या पेशी त्वचेवर उलटलेल्या असतात. सुरी लागली की जखम आणखी पसरू शकते. स्टोमाच्या, म्हणजे शस्त्रक्रियेने पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, पिशवीभोवतीही ती उद्भवते. म्हणून आतड्याचा आजार असलेल्याच्या जखमेला हात घालण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला बोलवायलाच हवं.

पुढे चूक उलट्या दिशेनेही होऊ लागली. 2002 साली पुन्हा मेयोच्याच डॉक्टरांनी 95 रुग्ण मांडले: निदान पायोडर्माचं, प्रत्यक्षात कुणाला रक्तवाहिन्यांचा विकार, कुणाला संसर्ग, कुणाला कॅन्सर. 2018च्या निदानाच्या निकषांत म्हणून जखमेच्या कडेची बायोप्सी सर्वांत वर आली; जोडीला संसर्ग नसल्याची खात्री आणि आतड्याच्या आजाराचा पूर्वेतिहास.

नडगीवरच्या लाल, दुखऱ्या गाठी, म्हणजे एरिथिमा नोडोसम, हे वेगळं प्रकरण. त्या सहसा फुटत नाहीत आणि बहुधा आतड्याचा आजार उसळला की उठतात. पण आपल्याकडे एवढ्यावर क्रोन्स (आतड्याचा आणखी एक दाहक आजार) म्हणून मोकळं होता येत नाही. क्षयातही त्या येतात आणि आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. क्षय असताना क्रोन्स समजून नुसती स्टेरॉइड्स दिली तर तो बळावतो.

1998 साली क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब हे औषध आलं आणि पायोडर्माच्या रुग्णांनाही त्याचा गुण आला. मात्र याच औषधावर असताना काहींच्या तळव्यांवर, डोक्यात सोरायसिससारखं पुरळ उठतं. त्यामुळे आता तपासताना औषध कधी सुरू झालं आणि पुरळ कधी आलं, या दोन तारखाही विचाराव्या लागतात.