देण्याची बदली

एका कार्डावरील थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर वळवावयास आज एक अर्ज पुरतो. वर्धा जिल्ह्याला मात्र देण्याची ही बदली जुनीच आहे.

१८६१ ते १८६५ पर्यंतच्या अमेरिकन यादवी युद्धांत कापसाचे भाव चढले. हिंगणघाटच्या बाजारांत पैसा खेळूं लागला व शेतकऱ्याची पत वाढली. पुढें भाव उतरले, कर्ज मात्र उरलें. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत तोच प्रसंग पुन्हां आला आणि जमिनी सावकारांकडे जाऊं लागल्या. म्हणून मध्यप्रांतांत १९३३ सालीं कर्ज-तडजोडीचा कायदा झाला. ऋणकोनें अर्ज करावा, सावकारांनीं आपलें येणें मंडळापुढें मांडावें व ठरलेली रक्कम हप्त्यांनीं फेडली जावी, अशी ती योजना. भूतारण बँकाही जमिनीच्या तारणावर दीर्घ मुदतीचें कर्ज देऊन सावकाराचें देणें भागवीत.

तडजोडींत पुष्कळदां एकूण येणेंच कमी होई. कार्ड बदलल्यानें मुद्दल गुंजभरही घटत नाहीं. उलट शुल्काची भर पडते, आणि सवलतीची मुदत सरतांच व्याज चढतें. तेव्हां सही करण्यापूर्वीं एवढेंच पाहावें: त्या मुदतींत मुद्दल फिटेल काय? न फिटल्यास केवळ सावकार बदलला, कर्ज नव्हे.